पदरात डिग्री, पायात सेफ्टी शूज

मागच्या अंकात एका मुलाला उत्तर देता देता मी लिहून गेलो होतो की इंजिनिअर असो की सायन्सवाला, पहिली दोन वर्षं प्रॉडक्शनला, मशीनच्या जवळ काढावीत, एसी केबिन कुठे पळून जात नाही. दोनच ओळी होत्या. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले, या महिन्याचं सगळं सदर यालाच देऊन टाका. निम्म्यांचं म्हणणं "लाख बोललात" आणि निम्म्यांचं "स्वतःच्या पोराला पाठवाल का?" पाठवलाय. सध्या सेकंड शिफ्टला असतो आणि बापाशी कामापुरतं बोलतो. तर पत्रं घेऊ. नावं सगळ्यांचीच काढलीयेत, कारण बऱ्याच जणांनी खाली लिहिलंय की आमच्या एचआरला कळता कामा नये.

प्रश्न : सर, मी पलूस तालुक्यातला. यंदा मेकॅनिकलला पास झालो, फर्स्ट क्लास आहे, डिस्टिंक्शन नाही. दोन ऑफर आहेत. एक चाकणला ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून, हातात 19 हजार, तीन शिफ्ट, कँटीन आणि बस. दुसरी हिंजवडीत आयटी सपोर्ट डेस्कला, हातात 23 हजार. वडील शेती करतात. त्यांचं म्हणणं, एवढा पैसा घालून इंजिनिअर केला आणि तू ऑइलचे हात घेऊन घरी येणार असशील तर आयटीआयच केला असता की. मला स्वतःला मशीनची आवड आहे पण मित्र म्हणतात चार वर्षांनी पस्तावशील. काय करू?

चाकण. पण लगेच बॅग भरू नकोस, आधी काही गोष्टी विचारून घ्यायच्यात, त्या पुढे सांगतो.

वडिलांचा मुद्दा पहिला घेतो कारण फी त्यांनी भरलीये, त्यांना बोलायचा हक्क आहे. आयटीआय केलेला पोरगा पहिलं वर्षभर मशीनवर तुझ्यापेक्षा सरसच असणार, हे आत्ताच मान्य करून टाक म्हणजे नंतर जड जाणार नाही. त्याने टर्नर नाहीतर मशिनिस्ट ट्रेडला दिवसभर जॉब, म्हणजे मशीनवर घ्यायचे पार्ट, मारलेले असतात, आणि तू चार वर्षांत वर्कशॉपला जो एक जॉब फाइलिंग केलास तोही अर्धा मित्राने करून दिला असेल. मग तुझी डिग्री कुठे लागते? समज सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, 32 मिलीमीटरचा बोअर (आतलं गोल भोक) चाललाय, ड्रॉइंगवर एच7 दिलंय, म्हणजे साइज 32.000 ते 32.025 मध्ये बसली पाहिजे, सगळा मिळून पंचवीस मायक्रॉनचा खेळ. सकाळी सातला फर्स्ट शिफ्ट चालू होते तेव्हा मशीन गार असतं, पहिले जॉब एका साइजला येतात, मग स्पिंडल तापायला लागतो तशी साइज हळूहळू सरकते. जुना ऑपरेटर बोअर गेज घालतो, काटा बघतो, तोंडातून शब्द न काढता पाच मायक्रॉनचा ऑफसेट मारतो, म्हणजे टूल तेवढं सरकवतो, आणि पुढचा जॉब लावतो. चहाच्या सुट्टीत मशीन परत जरा निवलेलं असतं म्हणून सुट्टीनंतरचा पहिला जॉब तो बाजूला ठेवतो, चेक केल्याशिवाय ट्रेमध्ये टाकतच नाही. का म्हणून विचारलंस तर म्हणेल, "असंच करायचं असतं साहेब."

तिथून पुढचं काम तुझं. किती वेळात साइज किती सरकते, सकाळी दहा-पंधरा मिनिटं नुसती वॉर्मअप सायकल फिरवली तर किती पीस वाचतील, तोच ऑपरेटर रजेवर असला की रिजेक्शन का वाढतं, हे सगळं वहीत उतरवून, त्याचा चार्ट करून सोमवारच्या मीटिंगमध्ये ठेवायचं, आणि ठेवताना ऑपरेटरचं नाव घ्यायचं, स्वतःचं नाही. हे आयटीआयवाल्याला येणार नाही असं अजिबात नाही, बऱ्याच जणांना येतं, पण त्याला दिवसाचं टार्गेट असतं, मशीन सोडून वही घेऊन बसायला कोण देणार? तुला त्यासाठीच पगार आहे. आणि हे केबिनमध्ये बसून होत नाही, तिथे पाठव म्हणशील तेवढा डेटा येतो पण पहिला जॉब बाजूला ठेवतात हे कुठल्याच एक्सेलमध्ये येत नाही.

दुसरं म्हणजे पुढे डिझाइनला जायचं असेल तरी हे लागतंच. आपल्याकडे कॉलेजातनं थेट कॅडवर बसलेली मुलं आतला कोपरा एकदम शार्प काढतात, स्क्रीनवर छान दिसतो, पण कापणाऱ्या टूलच्या टोकाला, इन्सर्टच्या नोजला, 0.4 नाहीतर 0.8 मिलीमीटरची रेडियस असते, तो कोपरा येणार कुठून? मग टूलरूमवाला फोन करून चार शब्द ऐकवतो. दोन वर्षं फ्लोअरवर काढलेल्याला हे फोन येत नाहीत.

तुझ्या गावापासून किर्लोस्करवाडी जवळच, त्यामुळे हेही सांगून टाकतो. कारखाना 1910 चा. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेत एमआयटीमधून इंजिनिअर होऊन 1926 मध्ये परत आले आणि वाडीच्या कारखान्यातच कामाला लागले. ही गोष्ट वडिलांना सांगायला बरी आहे, पण तू स्वतः तिच्यावर फार विसंबू नकोस, कारण तो कारखाना त्यांच्या वडिलांचा होता. मालकाच्या मुलाने मशीनवर उभं राहणं आणि 19 हजारावर आलेल्या जीईटीने उभं राहणं यात फरक आहे, त्याला कुणी तीन वर्षं एकाच लाईनवर विसरून जात नाही. तुला विसरू शकतात. भीती खरी तीच आहे, ऑइलची नाही.

म्हणून विचारायचं काय ते ऐक. पहिलं, ट्रेनिंगच्या वर्षात फिरवणार का? मशीन शॉप, असेंब्ली, क्वालिटी, मेंटेनन्स असे थोडे थोडे महिने मिळणार असतील तर उत्तम, आणि जर सरळ "तुम्हाला लाईन फोरचा शिफ्ट इनचार्ज करणार" म्हणाले तर समजायचं की त्यांना सुपरवायझर स्वस्तात पाहिजे. दुसरं, ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? तिसरं, लेटरमध्ये 'अप्रेंटिस' लिहिलंय की 'ट्रेनी', कारण हे दोन वेगळे प्राणी आहेत. अप्रेंटिस म्हणजे 1961 च्या कायद्याखालचा शिकाऊ, तो कायद्याने कामगार धरला जात नाही, पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायची कंपनीवर सक्ती नसते. अप्रेंटिसशिप वाईट असं मी म्हणत नाही, मोठ्या कंपनीत मिळाली तर चांगलीच, फक्त तिला नोकरी समजून घरी पेढे वाटू नका. 2019 च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसला महिन्याला किमान 9 हजार ठरले होते आणि नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेतून घेतलं तर किमान स्टायपेंडचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, तेव्हा कंपन्यांना हे एवढं गोड का लागतं ते कळलं असेल. पूर्वी चाकण, रांजणगावला 'नीम ट्रेनी' नावाची अशीच एक पलटण असायची, तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने 2013 मध्ये ती योजना आणली आणि 2022 च्या शेवटी गुंडाळली, मधल्या काळात कितीतरी मुलं तीन-तीन वर्षं 'ट्रेनिंग' घेत त्याच स्टेशनवर तेच नट आवळत बसली.

आणि बाँड मागितला तर वाचून सही कर, पण ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवू नकोस. झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल दाखवायची आणि घरी आणायची.

चार हजाराच्या फरकाबद्दल. चाकणला बस आणि कँटीन आहे म्हणतोस, हिंजवडीत तू वाकडला रूम घेणार, जेवण मेसचं, गाडीचं पेट्रोल, ट्रॅफिकमध्ये गेलेला जीव वेगळाच. हिशोब मांड, फरक उरणार नाही. आणि सपोर्ट डेस्कलाही नाइट शिफ्ट असतेच, तिथे फक्त तिला नाइट शिफ्ट म्हणायची लाज कुणाला वाटत नाही. तुला कोडिंगची आवड असती आणि डेव्हलपमेंटची ऑफर असती तर मी वेगळं बोललो असतो, पण पासवर्ड रीसेट करून द्यायला मेकॅनिकलची चार वर्षं कशाला घालवलीस?

कधी सोडायचं ते मात्र आत्ताच ठरव. दीड-दोन वर्षांनी तू प्रोसेस, क्वालिटी, टूलिंग, नवीन प्रॉडक्टचं डेव्हलपमेंट यातल्या कुठल्यातरी बाजूला सरकलेला पाहिजेस. तसं झालं नाही, अजून सकाळी उठून कुठला ऑपरेटर आला कुठला नाही हेच बघतोयस, तर दुसरी कंपनी शोधायची. तिकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, इंटरव्ह्यू द्यायला सोयीचं पडतं.

प्रश्न : मी बी.एस्सी. केमिस्ट्री, चिपळूणची. लोटे एमआयडीसीत एका कंपनीत प्रॉडक्शन केमिस्ट म्हणून बोलावलंय. आई म्हणते मुलींनी लॅबमध्ये जावं, प्लॅन्टमध्ये नाही. क्यूसीमध्ये (माल तपासणारी लॅब) सध्या जागा नाही म्हणाले, थांबावं लागेल. मी थांबू की प्लॅन्टला जॉइन होऊ? एम.एस्सी. पण करायचंय.

आईला प्लॅन्ट म्हटल्यावर वास, धूर आणि रात्रीची बस दिसत असणार. त्यातलं काहीच खोटं नाहीये, त्यामुळे आईशी भांडू नकोस, तिला माहिती दे.

क्यूसी चांगलंच आहे, एचपीएलसी या तपासणीच्या मशीनवर हात बसला तर कुठेही नोकरी मिळते. पण क्यूसीची जागा कधी निघेल ते सांगता येत नाही, आणि लॅबमध्ये एक गोष्ट कधीच कळत नाही ती म्हणजे मोठ्या मापाची केमिस्ट्री. तू कॉलेजात अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये रिअॅक्शन केलीस, ड्रॉपिंग फनेलमधून थेंब थेंब सोडलं, खाली बर्फ ठेवला, वीस मिनिटांत झालं. तीच रिअॅक्शन तीन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये घेतली की अॅडिशनला पाच-सहा तास लागू शकतात, कारण माल वाढला त्या मानाने जॅकेटचा, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणाचा, पृष्ठभाग वाढत नाही, उष्णता बाहेर काढायला वेळ लागतो आणि घाई केली तर टेंपरेचर हातातून जातं. आठ तास त्या पॅनेलसमोर उभं राहून एक-एक डिग्री चढताना-उतरताना बघितलेली मुलगी पुढे एम.एस्सी. करून आर अँड डीला गेली तर ती असं काही डिझाइनच करणार नाही जे प्लॅन्टमध्ये चालवता येत नाही. अशा लोकांना आर अँड डीवाले शोधत असतात. शिवाय बॅच रेकॉर्ड लिहायची शिस्त लागते, केलं की लगेच लिहायचं, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही आणि तारीख, व्हाइटनर नाही. ही सवय जन्माची.

पण जॉइन व्हायच्या आधी प्लॅन्ट बघायला माग. खरंच माग, इंटरव्ह्यूच्या दिवशी म्हणायचं "एकदा राउंड मारता येईल का?" नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच. आत गेलीस की बघ, सॉल्व्हंट असलेल्या रिअॅक्टरमध्ये पावडर कशी टाकतात. मॅनहोल उघडून टोल्यूइनमध्ये माणूस वरून बॅग ओततोय असं दिसलं तर सरळ घरी ये, पावडर ओतताना स्टॅटिक तयार होतं आणि टोल्यूइनच्या वाफेला तेवढी ठिणगी पुरते. आतली हवा घालवायला नायट्रोजन मारतात का, अर्थिंगच्या क्लिप लावलेल्या आहेत की नुसत्या लटकतायत, सेफ्टी शॉवरला पाणी येतं का, सेंट्रीफ्यूजजवळ कोण कसं उभं आहे. तुला सगळं कळणार नाही पण शॉवरची चेन ओढून बघता येते ना, ओढ.

रात्रपाळीचं म्हणशील तर आता बायकांना रात्री काम करायला परवानगी आहे पण तुझी स्वतःची लेखी संमती लागते आणि सुरक्षेची, ने-आण करायची जबाबदारी कंपनीची असते. नाही म्हणायचा हक्क तुझा आहे. गाडी घरापर्यंत येणार की हायवेच्या फाट्यावर सोडणार, हे मात्र आधीच विचार, कागदावर 'ट्रान्स्पोर्ट' एवढंच लिहिलेलं असतं. आणि शिफ्टला तू एकटीच मुलगी असशील तर चेंजिंग रूम, टॉयलेट आहे का, की ऑफिस बिल्डिंगपर्यंत चालत जायचं, हे विचारायला लाजू नकोस. यावर एचआरचा चेहरा कसा होतो त्यावरून बरंच कळतं.

राउंड ठीक वाटला तर जॉइन हो. एम.एस्सी. दोन वर्षांनी केलीस तर काही बिघडत नाही. आईला एकदा कंपनीच्या गेटपर्यंत घेऊन जा.

प्रश्न : मी बी.ए., परभणी जिल्हा. वय 27. चार वर्षं पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास केला, एकदा प्रिलिम निघाली, बाकी काही नाही. आता घरून पैसे मागायला तोंड राहिलं नाही. मावसभाऊ रांजणगावला ठेकेदाराकडे आहे, तो म्हणतो ये, बारा तासांचे मिळून 20 हजार पडतात, फक्त डिग्री सांगू नको, बारावी सांग, ग्रॅज्युएटला घेत नाहीत. हे बरोबर आहे का?

मित्रा, तुझ्यासारखी बरीच पत्रं आहेत, सगळ्यांना मिळून लिहितोय.

आधी एक आकडा, म्हणजे तू एकटाच कुठेतरी चुकलायस असं वाटणार नाही. 2024 मध्ये आलेल्या भारत रोजगार अहवालात होतं की 2022 साली देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये 29.1 टक्के बेरोजगार होते, आणि ज्यांना लिहिता-वाचताच येत नाही त्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. म्हणजे शिकलेल्याला काम मिळायची मारामार जास्त. न शिकलेल्याला घरी बसणं परवडत नाही, मिळेल ते करतो, हेही त्यामागे आहेच. पण तुझी चार वर्षं कुठे गेली याचं अर्धं उत्तर त्या आकड्यात आहे.

आता रांजणगाव. जा. पैसे कमव. पण याला करिअरची सुरुवात म्हणू नकोस. मी इंजिनिअरला फ्लोअरवर जा म्हणतो कारण त्याला तिथून वर जायला जिना आहे, तुला ज्या दाराने नेतायत तिथे जिना नाही. असेंब्ली लाईनवर एक स्टेशन मिळेल, पुढ्यात पार्ट येणार, चार स्क्रू मारायचे, पुढे ढकलायचा, मिनिटाच्या आत परत पुढचा. आठवड्यात शिकून होतं. आठव्या दिवसापासून पाचव्या वर्षापर्यंत तेच. अंग दुखतं त्यापेक्षा डोकं जास्त दुखतं, विशेषतः एमपीएससीची पुस्तकं वाचलेलं डोकं.

डिग्री लपवण्याचं म्हणशील तर ठेकेदार असं सांगतात हे खरं आहे, ग्रॅज्युएट पोरगं टिकत नाही, प्रश्न विचारतं, कायदा काढतं म्हणून त्यांना नको असतं. मी लपव असं सांगणार नाही. कारण उद्या त्याच कंपनीत स्टोअरला किंवा डिस्पॅचला जागा निघाली आणि तू पदवीधर आहेस म्हणालास तर फॉर्मवर बारावी लिहिलेली निघते, मग खोटारडा ठरतोस. दुसरा ठेकेदार बघ, डिग्री सांगूनही घेणारे असतात, शोधावे लागतात.

आणि त्या बारा तासांचा हिशोब नीट बघ. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे, ठेकेदार साध्या दराने धरून आकडा फुगवून सांगतात. नेमणूकपत्र माग, नोव्हेंबर 2025 पासून ज्या नव्या कामगार संहिता लागू झाल्यात त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचंच आहे. पीएफचा यूएएन नंबर मिळाला की मोबाईलवर पासबुक उघडून बघत जा, पगारातून कापलेले पैसे खात्यात पडतायत की नाही. ईएसआयचं, म्हणजे सरकारी आजारपण विम्याचं, कार्ड काढून घे, महिना 21 हजारपर्यंतच्या पगाराला ते लागू असतं. प्रेस शॉपला टाकलं तर मशीन आधी बघायचं, पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडता कामा नये, आणि एक बटण टेपने कायमचं दाबून ठेवलेलं दिसलं तर त्या प्रेसवर उभं राहायचं नाही, नोकरी गेली तरी चालेल. बोटं परत येत नाहीत आणि पुणे पट्ट्यात अशी बोटं गेलेली पोरं शोधावी लागत नाहीत.

मग तुझी खरी वाट कुठली? स्टोअर, डिस्पॅच, टाइम ऑफिस (हजेरीचं खातं). बी.ए. झालेला, नीट मराठी आणि कामापुरतं इंग्रजी लिहिणारा, हिशोबाला पक्का माणूस तिथे लागतो. माल आला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कशी करायची, गाडी सुटताना ई-वे बिल कसं काढायचं, जुना माल आधी काढायचा, स्टॉक कागदावर एक आणि रॅकवर एक का निघतो, आणि एक्सेल जरा बरं. एवढं आलं की पुढे लॉजिस्टिक्स, परचेस अशा जागा उघडतात. राज्य सरकारची 2024 मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, 18 ते 35 वय, पदवीधराला महिना 10 हजार, आधी सहा महिन्यांची होती मग अकरा केली. पैसे कमी आहेत, ठेकेदाराच्या निम्मे, पण त्यातून एखाद्या बऱ्या कंपनीच्या स्टोअरला बसायला मिळत असेल तर माझा कौल तिकडे. घरी पैसे पाठवायची घाई असेल तर आधी सहा महिने लाईनवर काढ, थोडे साठव, मग हे कर. मात्र सहाचे छत्तीस होऊ देऊ नकोस. मावसभावाला विचार त्याचे किती झाले.

अभ्यासाचं म्हणशील तर बारा तास उभं राहून रात्री कुणी चालू घडामोडी वाचत नाही. ज्यांनी केलंय त्यांचे सत्कार होतात कारण ते अगदी थोडे असतात.

प्रश्न : मी कोल्हापूर, शिरोलीत फाउंड्रीत (वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात तिथे) इनचार्ज आहे, दहावी पास, तीस वर्षं झाली वाळू आणि लोखंडात. तुम्ही पोरांना फ्लोअरवर जा सांगताय पण ही पोरं येतात, दोन महिने मोबाईल बघतात आणि पुण्याला पळतात. आम्ही का म्हणून शिकवायचं? शिकून ती आमचाच साहेब होणार.

साहेब, तुमचं पत्र वाचून हसू पण आलं आणि जरा वाईट पण वाटलं. शेवटचं वाक्य खरं आहे, होतंच तसं. तुम्ही शिकवलेला पोरगा पाच वर्षांनी मॅनेजर होऊन येतो आणि तुमच्या ओव्हरटाइमच्या कागदावर सही करतो. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. तीस वर्षं वाळू ओळखणाऱ्या माणसाला पगारात आणि हुद्द्यात कुठे ठेवायचं हे आपल्या कंपन्यांना अजून जमलेलं नाही. जर्मनीत कारागिराला परीक्षा देऊन 'माइस्टर' होता येतं, त्याला मान असतो, पगार असतो आणि शिकाऊ पोरं हाताखाली घ्यायचा अधिकार असतो. आपल्याकडे तुमच्या बाबतीत फार तर वर्धापनदिनाला शाल मिळते.

पण पळून जाण्याबद्दल थोडं उलटं विचारतो. पहिल्या दिवशी त्याला काय काम दिलं होतं? मी अनेक फाउंड्रीत बघितलंय, नवीन इंजिनिअर आला की त्याला झाडू देतात, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, उभा करतात, "कळू दे जरा" म्हणतात आणि मागे सगळे हसतात. झाडू मारायला हरकत नाही, आठवडाभर मारू दे, पण आठवडा झाला की कुणीतरी त्याला जवळ घेतलं पाहिजे ना? तुम्ही सकाळी सँड प्लॅन्टवर जाऊन वाळूची मूठ भरता, दाबता, मूठ उघडून बोटांचे ठसे बघता, मधोमध मोडून बघता आणि सांगता "पाणी जास्त झालंय, आज ब्लोहोल मारणार", म्हणजे ओतलेल्या मालात हवेची भोकं पडणार. बरोबर? त्याच वेळी लॅबमध्ये कॉम्पॅक्टिबिलिटीचा, म्हणजे वाळू किती दबते त्याचा, आकडा निघत असतो. पोराला दोन्हीकडे उभं करा. तुमची मूठ आणि त्याचा आकडा एका वहीत महिनाभर शेजारी शेजारी लिहायला लावा. जे पोरगं हे करेल ते मोबाईल बघणार नाही, आणि जे एवढ्यावरही मोबाईलच बघेल ते जाऊ दे पुण्याला, भाडं पण देऊ नका.

ते जातात त्याचं दुसरं कारण तुमच्या मालकाला सांगा. उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहून जेवढे मिळतात तेवढेच पंख्याखाली बसून मिळत असतील तर मी पण गेलो असतो.

प्रश्न : मुलगा डिप्लोमा करून मग बी.ई. झाला, कंपनीत शिफ्टला आहे. स्थळं येतात पण "शिफ्ट ड्युटी आहे का?" विचारून परत जातात. नोकरी बदलायला सांगू का?

काकू, नाही. शिफ्ट कायमची नसते, दोन-तीन वर्षांत बरेच जण जनरलला येतात. बायोडेटावर खोटं 'जनरल शिफ्ट' मात्र लिहू नका, लग्नानंतर पहिल्याच थर्ड शिफ्टला कळतं. आणि मुलाला विचारलंत का त्याला आत्ता लग्न करायचंय का? पत्र तुमचं आहे म्हणून विचारतो.

प्रश्न : कंपनी सेफ्टी शूजचे पैसे पहिल्या पगारातून कापते, बाराशे. हे चालतं का?

नाही चालत. सुरक्षेची साधनं कंपनीने स्वतःच्या खर्चाने द्यायची असतात. आधी एचआरला साधा मेल कर, भांडण नको, फक्त विचार की ही कपात कुठल्या हेडखाली झालीये आणि पगाराच्या स्लिपवर ती दाखवा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच पुढच्या महिन्यात पैसे परत येतात, कारण स्लिपवर ते लिहायचं कुणालाच नसतं. आणि शूज मापाचे घे, स्टोअरवाला नऊ नंबर संपलेत, दहा घाल म्हणेल, ऐकू नकोस, आठ तास उभं राहायचंय.